मदत हवी आहे : माझ्या इल्युजनिस्टला कुणी गंडतच नाही (डी अँड डी)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राच्या माडीवर आम्ही सहा जण दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून कल्पनेतली गोष्ट पुढं नेत खेळायचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. आधीची माझी दोन्ही कॅरेक्टर तलवारवाली होती, कंटाळा आला, म्हणून या खेपेला हौसेनं फॉरेस्ट नोम विझार्ड (जंगलातला बुटका जादूगार) घेतला. इल्युजन शाखा (भास उभे करायची जादू), तिसरी लेव्हल, इंटेलिजन्स १६. मारामारी कमी आणि गंडवागंडवी जास्त, असा बेत होता.

परवाचंच घ्या. बोगद्यातून पळतोय, मागे पाच गॉब्लिन (खुजे राक्षस). मी सायलेंट इमेज (आवाजाविना नुसतं चित्र दाखवणारा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकून दरड कोसळल्याचं चित्र उभं केलं, दगडांचा ढीग पार छताला टेकलेला. पंधरा फुटी घनात बसेल असा, मोजून. डीएम (खेळ चालवणारा, तो माडीवाला मित्रच) म्हणाला, "आवाज न होता दरड कशी काय कोसळली? सगळे रोल करणार." आणि पाचही जणांसाठी फासा टाकला, फुकटात! तिसऱ्याला १७ पडले. तो ओरडला, "खोटं हाय रं!" आणि सगळे दगडांतून आरपार. स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) गेलाच, वर मिसळीचं बिलही माझ्यावर (ज्याचं कॅरेक्टर आधी आडवं होईल त्यानं भरायचं, हा आमच्यातला कायदा).

घरी येऊन हिशेब मांडला. माझा सेव्ह डीसी (भास ओळखायला वीस बाजूंच्या फाशावर किमान लागणारा आकडा) १३. गॉब्लिनला बुद्धीचा बोनस शून्य, म्हणजे एकट्याला कळायची शक्यता ४० टक्के. हे मान्य. पण पाच जणांनी फासा टाकला तर एकाला तरी कळायची शक्यता ९२ टक्के होते. मग हा स्पेल घ्यायचा कशाला?

पुस्तकात तर निरखून बघायला अख्खी ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्चावी लागते. डीएमला ते पान दाखवलं, तर म्हणे, "मग तुझ्या एका स्पेलनं सगळी लढाईच संपवायची का?" त्याचंही अगदीच चूक नाही. भांडण नकोय, माणूस चांगला आहे, आणि माडी त्याचीच आहे.

तुमच्याकडे कसं करता? एकानं ओरडून सांगितलं की बाकीच्यांनाही कळलं असं धरता का?

जुना_डीएम :
ॲक्शनचं तुझं बरोबर आहे. मात्र कुणी हात लावला किंवा दगड भिरकावला तर रोलचा प्रश्नच नाही, आरपार गेला की कळलंच. ओरडण्याबद्दल पुस्तक गप्प आहे. माझ्याकडे ऐकणाऱ्यांना चित्र दिसतच राहतं, पण ओरडणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे मी त्या टोळीचा स्वभाव बघून ठरवतो.

पण खरं सांगू? तुझी दरडच चुकली. पन्हाळ्याच्या इतक्या जवळ राहून विसरलास होय? १६६० च्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या माणसांनी पालखी पकडली, आत शिवा काशीद. त्यांना महाराजच हवे होते, म्हणून महाराजच दिसले. समोरच्याला जे हवंय किंवा ज्याची धास्ती आहे तेच दाखव, मग तो तपासत बसत नाही.

धागाकर्ता :
दादा, काल करून बघितलं. स्लॉट खर्चलाच नाही. मायनर इल्युजननं त्यांच्या सरदाराचा आवाज काढला, बाजूच्या भुयारातून : "इकडं या की रं, मुडद्यांनो!" चौघं पळत गेले. पाचवा जागचा हलला नाही. डीएम म्हणतो तो बहिरा आहे. पहिल्यापासूनच होता म्हणे.