प्रतिसाद: प्लास्टरच्या शोभेच्या टाइल्स

ताई, टाइल्सवर बारीक भोकं पडतात आणि रंगाचे पोपडे निघतात असं तुम्ही लिहिलंय.

भोकांचं कारण बहुतेक ढवळण्यात आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पावडरवर पाणी ओतू नका, पाण्यात पावडर भुरभुरा; वाटीभर पाण्याला साधारण दोन वाट्या. मिनिटभर आपोआप भिजू द्या, मग हलक्या हाताने ढवळा. बीटर मुळीच नको, हवा शिरते. ओतल्यावर साचा टेबलावर ठोकत राहा. भांडंही लख्ख हवं, जुन्या प्लास्टरचे कण राहिले की नवं फार लवकर आवळतं, म्हणजे घट्ट होतं.

रंगाचं म्हणाल तर प्लास्टर घट्ट झालं म्हणजे वाळलं असं नाही. टाइल गालाला लावून बघा, गार लागली तर आत ओल आहे, आणि ओलीवर दिलेल्या रंगाचे पोपडे निघतात. आपल्या पावसाळ्यात आठवडाही लागतो.

साचे विकत घ्यायची गरज नाही हो. शाडूची जाड पोळी लाटा, नेच्याचं पान शिरांची बाजू खाली करून ठेवा, लाटणं फिरवा, पान अलगद सोला, भोवती पुठ्ठ्याची कड उभी करून ओता. पानाच्या कडेची दातेरी नक्षीसुद्धा उमटते! मला तर हे बाजारातल्या गुलाबाच्या साच्यांपेक्षा कितीतरी देखणं वाटतं.

या चर्चेत आधी कुणीतरी मुलांचे हात थेट प्लास्टरमध्ये बुडवायचं सुचवलंय, ते कृपया करू नका. आवळताना प्लास्टर ६० अंशांपर्यंत तापू शकतं, भाजतं. हाताचा ठसा शाडूतच घ्या. आणि भांडं सिंकमध्ये धुऊ नका, पाइप तुंबेल.