समर्पण, सोपवणे आणि रोजची भाकर

पुणेकर

आमच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) बायकांच्या प्रार्थनागटासाठी रोज एक पान वाचायची मननपुस्तिका मराठीत करते आहे. ‘सरेंडर’ला मी सगळीकडे ‘समर्पण’ लिहिलं. परवा गटातल्या मावशींनी कच्ची प्रत वाचून विचारलं, “समर्पण एकदाच होतं ना गं? बाप्तिस्म्याला, नाहीतर दृढीकरणाला (विश्वास जाहीरपणे पक्का करण्याच्या विधीला). मग हे रोज-रोज काय करायचं?” मला उत्तर देता आलं नाही. शब्द चुकतोय का? शिवाय ‘वर्शिप’ला उपासना घ्यावं, आराधना की भक्ती? आणि ‘देवावर अवलंबून राहणे’ लिहिताना हात अडखळतो. लाचारीचा वास येतो त्याला.

नगरकर

ताई, मावशींना बरोबर खटकलंय. पुस्तक कुणाला तरी समर्पित करतात, धरण राष्ट्राला समर्पित करतात, गडचिरोलीच्या बातमीत नक्षलवाद्याचं आत्मसमर्पण असतं. या सगळ्या गोष्टींना तारीख असते. एकदा झालं की झालं. त्यामुळे ‘रोज समर्पण करा’ हे वाक्य व्याकरणात बसलं तरी मराठी कानात बसत नाही.

पण तुम्हाला हवा तो शब्द घरातच आहे: सोपवणे. संस्कृतातलं ‘समर्पयति’ प्राकृतात ‘समप्पेइ’ झालं आणि तेच झिजत झिजत मराठीत ‘सोपणे, सोपवणे’ आणि हिंदीत ‘सौंपना’ झालं. म्हणजे समर्पण आणि सोपवणे एकाच मुळातून आलेत. फरक इतकाच की एक वेदीपाशी राहिला आणि दुसरा उंबरा ओलांडून चुलीपर्यंत आला. किल्ल्या सोपवतात, काम सोपवतात, लेकरू सोपवतात.

लेकरावरून सांगतो. माझी आई खुरपणीला जाताना धाकट्याला शेजारच्या काकूंच्या कडेवर द्यायची. “बघा हं याला, दुपारी भाकर दुधात कुस्करून घाला” म्हणायची, चार पावलं जायची, परत वळायची आणि झबल्याचा बंद घट्ट आहे का ते बघायची. काकू म्हणायच्या, “जा गं बाई, मी आहे ना!” संध्याकाळी ती त्याला घरी आणायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. भरवसा नव्हता म्हणून ती वळायची, असं नाही. जीव अडकलेला होता म्हणून वळायची. आपण आपल्या काळज्यांचं असंच करतो. सकाळी देवाकडे देतो आणि दुपारच्या आत परत कडेवर घेतो. म्हणून रोज सोपवावं लागतं. मावशींना हेच सांगा.

पवित्र शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, हाच शब्द आहे. वधस्तंभावर येशूचे शेवटचे शब्द लूक 23:46 मध्ये मराठीत आहेत: “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.” हे मूळचे स्तोत्र 31:5 मधले शब्द. तिथलं हिब्रू क्रियापद ‘अफकीद’ ज्या धातूचं आहे, त्याच धातूपासून ‘पिक्कादोन’ होतं, म्हणजे कुणाजवळ विश्वासाने ठेवलेली ठेव. यहुद्यांच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ही ओळ आजही म्हणतात. मला हे फार मोलाचं वाटतं. जी ओळ रोज रात्री डोळे मिटताना म्हणायची, तीच प्रभूने मरताना म्हटली. प्रेषित पौलही 2 तीमथ्य 1:12 मध्ये ‘माझी ठेव’ राखणाऱ्याबद्दल बोलतो. हरलेल्याने हत्यार टाकावं तसं हे टाकून देणं नाही. ठेव ज्याच्याकडे ठेवली, त्याने ती सांभाळायची असते.

वसईकर

उपासना आणि आराधनेबद्दल. आमच्या कॅथलिक लोकांत रविवारी ‘मिस्साला’ (चर्चमधल्या मुख्य विधीला) जातात. ‘उपासनेला चाललो’ हे मी पहिल्यांदा नगरच्या मित्राकडून ऐकलं. आराधना म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर पवित्र साक्रामेंतापुढे (वेदीवर ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे) गुडघे टेकून गप्प बसलेली माणसं येतात. नव्या मंडळ्यांत तोच शब्द गिटार-ड्रमवरच्या गाण्यांना वापरतात. तेव्हा वाचणाऱ्या बायका कोण आहेत ते बघून शब्द घ्या.

नगरकर

वसईकर म्हणतात ते खरं. तरी माझा कल उपासनेकडे. उप + आस, म्हणजे जवळ बसणे. (उपासाचा याच्याशी संबंध नाही बरं का. तो ‘उपवास’वरून आला.) आराधनेत प्रसन्न करून घेण्याची छटा आहे, आणि ख्रिस्ती शिकवणीत देवाचं प्रेम आधीच मिळालेलं असतं, ते मिळवावं लागत नाही. योहान 4:24 मध्येही “आत्म्याने व खरेपणाने त्याची उपासना केली पाहिजे” असंच आहे. तिथल्या ग्रीक शब्दात दंडवत आहे, आपल्या शब्दात जवळ बसणं आहे. आजी भल्या पहाटे जात्याशेजारी पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं. पाठ असलेलं स्तोत्र म्हणत नुसती बसायची. त्या बसण्याला मला दुसरा शब्द सुचत नाही.

आता ‘अवलंबून’. तुमचा कान बरोबर आहे. अव + लंब म्हणजे खाली लोंबकळणे. नीतिसूत्रे 3:5 बघा: “तू आपल्या अगदी जिवेभावे परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.” एकाच वचनात देवासाठी ‘भाव ठेव’ आणि स्वतःच्या बुद्धीसाठी ‘अवलंबून’. हिब्रूतही तिथे दोन निराळी क्रियापदं आहेत, एक भरवशाचं आणि एक टेकण्याचं. भाषांतरकाराने ‘जिवेभावे’ आणि ‘भाव’ यांची जी सांगड घातली, तिला माझा नमस्कार. तुम्ही बिनधास्त ‘भाव ठेवणे’, ‘भरवसा टाकणे’, ‘भिस्त ठेवणे’ लिहा. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं तेव्हा साध्यासुध्या बायकांना कळावं हाच त्यांचा ध्यास होता. तुमचा वाचकही तोच आहे.

सातारकर

मनापासून शंका विचारतो. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपण आळशाला लावतो. देवावर भिस्त ठेवा म्हटलं की लोक हेच ऐकत नाहीत का?

नगरकर

दादा, त्यावर बायबलमधला निर्गम 16 वाचावा. रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो आकाशातून मिळाला, पण खाटेवर नाही. रोज पहाटे उठून वेचायचा, ऊन चढलं की वितळायचा. माणशी एक ओमर (धान्य मोजायचं तेव्हाचं माप). उद्यासाठी उरवला की किडे पडून घाण यायची. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा, कारण सातवा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस. 40 वर्षं असं चाललं. वेचण्याचे कष्ट माणसाचे, उद्याची हमी देवाची. त्यामुळे तुमची म्हण इथे लागू पडत नाही.

आणि प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” म्हणतो तेव्हा हाच मान्ना मागे उभा असतो. ‘रोजची’साठी मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिऑस’. तो मत्तयात आणि लूकमध्ये याच प्रार्थनेत येतो आणि सगळ्या नव्या करारात इतर कुठे येत नाही. आजची, उद्याची, जगण्यापुरती, असे अर्थ लावले गेले. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं आणि मत्तयात निराळाच शब्द घातला. मराठीने पावाऐवजी भाकर घेतली याचा मला आनंद आहे. भाकरीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं, थापताना चिरतं. आजी आठवड्यापुरतंच दळायची.

गोवेकर

आमच्या कोंकणी प्रार्थनेत “आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी” आहे. गिरास म्हणजे घास. भाकरीपेक्षाही लहान मागणं.

पुणेकर

गिरास वाचून थांबले बराच वेळ. सगळ्यांचे आभार. पहिलं पान बदललं: “प्रभू, आजचा दिवस मी तुझ्या हाती सोपवते.” आता एकच शंका. ‘सोपवते’ की ‘सोपवून देते’?

नगरकर

लूकमध्ये ‘सोपवून देतो’ आहे, कारण तिथे परत घेणं नाही. ‘देणे’ जोडलं की क्रिया संपते. सकाळच्या प्रार्थनेला ‘सोपवते’ पुरे, उद्या पुन्हा म्हणायचंय. रात्रीच्या पानावर मात्र ‘सोपवून देते’ लिहा. झोपताना हात मोकळे हवेत.