मदत हवी आहे: कुत्री नक्की कधी विणार? २३ला लग्न आहे, लवकर सांगा प्लीज

कराडकर९१ (१३ नोव्हेंबर, रात्री ९:४०)
आमची राणी गाभण आहे, पोट चांगलंच खाली उतरलंय आणि सडही भरलेत. नेटवर एक जण ५८ दिवस म्हणतो, एक ६३ म्हणतो, एक ७०, कुणाचं खरं मानायचं? २३ला अमरावतीला चुलत बहिणीचं लग्न आहे, आम्ही सगळे २१लाच निघणार, घरी फक्त आजी. मला एवढंच सांगा लग्नाआधी विणार का नंतर. लेक्चर नको. आणि तयारी काय काय करायची तेही सांगा, पहिलीच वेळ आहे.

पेठेतला
लेक्चर नको पण तयारी सांगा. बरं. मेटिंग कधी झालं, जात कुठली, वय किती, की तेही पोटाचा फोटो बघून आम्हीच ओळखायचं? फोटोही नाहीये म्हणा.

कराडकर९१
लॅब्राडोर आहे, तीन वर्षांची. १८ सप्टेंबरला क्रॉस केला.

पेठेतला
१८ सप्टेंबर अधिक ६३ दिवस म्हणजे २० नोव्हेंबर. विऊन होईल, मग जा लग्नाला. संपला धागा.

निलूताई
अहो असं पंचांग बघितल्यासारखं नसतं ते. माझ्याकडे लॅबच्या पाच वेती झाल्यात, एकही सांगितल्या दिवशी नाही झाली. कराडकर, एकदाच दाखवला का दोनदा? आणि कॅल्शियम चालू केलंस का? नसेल तर आजच सिरप आण, सकाळ-संध्याकाळ दे, हाडं मजबूत होतात पिल्लांची.

कराडकर९१
दोनदा, २२ला परत नेली होती. पण त्याने काय फरक पडतो? पहिल्यापासूनच मोजायचं ना?

डॉक_नाही_पण
फरक पडतो भाऊ. मी डॉक्टर नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढलीत. ६३ दिवस धरतात ते बीज सुटल्यापासून, क्रॉसपासून नाही. नराचं बीज आत पाच-सहा दिवस टिकतं, आणि मादीचं बीज सुटल्यावर पिकायला अजून दोन दिवस लागतात. म्हणून क्रॉसच्या तारखेवरून मोजलं तर ५७व्या दिवशीही विते आणि ७२व्या दिवशीही. तुझ्या हिशोबात १४ ते २९ नोव्हेंबर. लग्न बरोब्बर मधे येतंय. त्या वेळी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची रक्ततपासणी केली असती तर नेमकं कळलं असतं, आता त्याचा उपयोग नाही.

आणि ताई, राग मानू नका, पण गाभण असताना कॅल्शियम अजिबात नको. वरून मिळायला लागलं की शरीर हाडातलं कॅल्शियम काढायची सवय सोडतं आणि मग विल्यावर दूध उतरलं की रक्तातलं एकदम खाली येतं. अंग थरथरतं, पाय ताठ होतात, झटके येतात, मरतेसुद्धा.

निलूताई
माझ्या पाचही वेतींना दिलं, एकीला काही झालं नाही. पुस्तकी ज्ञान वेगळं आणि अनुभव वेगळा.

डॉक_नाही_पण
ज्यांना झालं त्या माझ्यासमोर टेबलावर होत्या, तो पण अनुभवच. शेवटचे तीन आठवडे चांगलं पिल्लांचं खाणं घाला, त्यात लागेल तेवढं कॅल्शियम असतं.

भटक्यांची_माय
रस्त्यावर एवढी पिल्लं उपाशी मरतात आणि लोक मुद्दाम क्रॉस करतात. सगळ्या पिल्लांना घरं शोधलीयेत का? यानंतर तरी ऑपरेशन करा तिचं.

कराडकर९१
यासाठीच लेक्चर नको म्हटलं होतं. पाच घरं ठरलीत.

बागेतला_बोका
आमच्या मांजरीचं पण असंच पोट दिसतंय, तिला पण ६३ का?

पेठेतला
मांजरीचा वेगळा धागा काढा. ६३च्या आसपासच, पण वेगळा काढा.

झाडीपट्टी
अमरावतीले येऊन राह्यला का भाऊ? २३ले आमच्याकडे पण लग्न आहे, तुळशीचं लग्न झाल्यावर कार्यालयं मिळत नाहीत बे. गाडीचं रिझर्वेशन आत्ताच बघ, कुत्री विईल तवा विईल.

डॉक_नाही_पण
कराडकर, सोनोग्राफी, एक्स-रे काही केलंय का? अजून केला नसेल तर ५६ दिवस झालेत, आता एक्स-रेत पिल्लं मोजता येतात. किती आहेत ते माहीत असलं की एखादं आत राहिलं तर कळतं.

कराडकर९१
सोनोग्राफी केली होती ऑक्टोबरमध्ये. रिपोर्टवर २४ नोव्हेंबर लिहिलंय, पुढे दोन दिवस मागेपुढे. उद्या एक्स-रेला नेतो.

पेठेतला
!!! हे आत्ता सांगताय?

कराडकर९१
कुणी विचारलंच नाही.

डॉक_नाही_पण
मग तीच तारीख धर. महिन्याभराच्या आसपासची सोनोग्राफी क्रॉसच्या तारखेपेक्षा बरी. म्हणजे २२ ते २६. आजीवर टाकून जाऊ नका, दोन धडधाकट माणसं हवीत.

आता तयारी. राणीला आडवं पसरता येईल एवढं खोकं, आत कडेने चार बोटं सोडून एक आडवी काठी, नाहीतर भिंत आणि आई यांच्यात पिल्लू चेंगरतं. खाली वर्तमानपत्रं, वर जुन्या सुती चादरी. थंडी पडलीये, पिल्लांना पहिला आठवडा ३० डिग्रीच्या आसपास ऊब लागते, एका कोपऱ्यात बल्ब लाव, सगळीकडे नको, तापलं तर आईला सरकायला जागा हवी. नाळेसाठी जाड दोरा आणि आयोडीन, कोरडे टॉवेल. आणि २४ तास उघडा असलेला डॉक्टर आत्ताच हेरून ठेव, रात्री दोनला शोधू नकोस.

सगळ्यात कामाचं म्हणजे थर्मामीटर. साधा डिजिटल, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात, १८पासून सकाळ-संध्याकाळ लिहून ठेव. एरवी १०० ते १०२ फॅरेनहाइट असतो, ९९च्या खाली गेला की साधारण २४ तासांत कळा. दिवसातून एकदाच बघितलं तर ती घसरण निसटते.

निलूताई
हे मात्र खरं. आणि खाणं सोडते, कोपरे उकरते, धापा टाकते. माझी एक तर थेट धुण्याच्या टोपलीत विली.

कराडकर९१ (२२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०)
एक्स-रेत सात दिसली होती. काल रात्री १००.४, आत्ता ९८.६. सकाळपासून चिकन पण खाल्लं नाही. मी आणि भाऊ थांबलोय, बाकीचे काल गेले.

डॉक_नाही_पण
डॉक्टरांना फोन करून सांगून ठेव. जोरजोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवं पाणी गेलं, की थांबायचं नाही, गाडी काढायची. दोन पिल्लांमध्ये दोन तासांपेक्षा जास्त गेले तरी तेच. आणि कळा यायच्या म्हणून कंपाउंडरकडून घरी इंजेक्शन मारून घेऊ नको, पिल्लू आडवं असलं तर गर्भपिशवी फाटते.

कराडकर९१ (२३ नोव्हेंबर, रात्री १:२०)
चार झाली. आता तासभर काहीच नाही, पण शांत पडून चाटतेय, जोर करत नाहीये. हिरवट पाणी येतंय, घाबरू का?

डॉक_नाही_पण
पहिलं पिल्लू झाल्यावर हिरवं येतंच, वारेचा (प्लासेंटाचा) रंग असतो तो. विश्रांती घेतेय. पाणी दे, झालेल्या पिल्लांना सडाला लाव, त्याने कळा येतात. घड्याळ बघत राहा.

कराडकर९१ (पहाटे ४:०५)
सातही झाली!! पण वारा मी सहाच मोजल्या. आणि सगळ्यात लहान पिल्लू गार लागतंय, दूध ओढत नाही. भाऊ म्हणतो गाईचं दूध ड्रॉपरने देऊ.

निलूताई
नको रे बाबा! गार पिल्लाला दूध पचत नाही आणि ड्रॉपरने छातीत जातं. आधी शर्टाच्या आत पोटाशी धरून हळूहळू गरम कर, तोंड मारायला लागलं की मागच्या भरलेल्या सडाला लाव, पहिला चीक पोटात जायलाच हवा.

डॉक_नाही_पण
ताई बरोबर. वार तिने खाल्ली असेल, बऱ्याचदा खातात. तरी दवाखाना उघडला की राणी आणि पिल्लं सगळी घेऊन जा, लहानग्याला टॉवेलात गुंडाळून. तिला ताप आला किंवा पाण्याला घाण वास आला तर दवाखाना उघडायची पण वाट बघू नको.