जुन्या ट्रॅक्टरला कारचं व्ही-८ इंजिन: बेलहाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्समधलं क्लचभोवतीचं कवच) कसं जुळवायचं?

प्रश्न: ट्रॅक्टर पुलिंगसाठी (वजनदार स्लेड, म्हणजे घसरगाडा, ओढायची शर्यत) कारचं पेट्रोल व्ही-८ बसवतोय. अडॅप्टर प्लेट (दोन वेगळ्या मापांची भोकं जुळवणारी पट्टी) लावून थेट गिअरबॉक्सला बोल्ट केलं तर चालेल का? क्लच प्लेट कोणती?

उत्तर १: नुसत्या प्लेटवर अजिबात टांगू नका. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत इंजिन हीच चासी असते. कारचा ब्लॉक तो भार पेलत नाही, बेलहाउसिंगचे कान तडकतात. पुढच्या अ‍ॅक्सलपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन्ही बाजूंना स्टीलचे रेल टाका, इंजिन त्यांच्यामध्ये बसवा.

उत्तर २: क्लच प्लेट कारच्या मापाची, मधला हब मात्र ट्रॅक्टरच्या स्प्लाइनचा (गिअरबॉक्स शाफ्टवरच्या खाचांचा) रिव्हेट करून घ्या. खरी मेख सेंटरिंगमध्ये आहे. फ्लायव्हीलवर डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं घड्याळी मापक) लावून बेलहाउसिंगच्या भोकात पूर्ण फेरा फिरवा. एकूण फरक ०.२५ मिमीच्या वर असेल तर ऑफसेट डॉवेल (केंद्र सरकवणाऱ्या पिना) घाला, नाहीतर पायलट बेअरिंग (गिअरबॉक्स शाफ्टचं टोक पेलणारं) झिजतं आणि क्लच नीट सुटत नाही.

उत्तर ३: ५००० आरपीएमला बिडाचं फ्लायव्हील फुटू शकतं, म्हणून स्टीलचंच घ्या, वर स्कॅटर शील्ड (फुटलेले तुकडे अडवणारं कवच). स्लेड सुटताच इग्निशन तोडणारा किल स्विच हवाच. आणि ट्रॅक्टरचं नाक उचललं की ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइल टाकीच्या) मागच्या भागात जातं. ऑइल ओढणारा पिकअप तिथेच ठेवा.