मदत हवी आहे: डिझेल इंजिन बसवलेली १९७४ची बुलेट पुन्हा सुरू करायची आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच सांगतो. गाडीच अशी आहे की दोन ओळींत मावत नाही.

वडिलांची बुलेट ३५०, १९७४ची. मुळात पेट्रोलची. वडील सातपूरला मायकोत (डिझेलचे पंप-नॉझल बनवणारी कंपनी) होते, त्यामुळे डिझेलचं नॉझल (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी) म्हणजे त्यांच्या हातचा मळ. शेत दिंडोरी तालुक्यात, आठवड्यातून तीन-चार फेऱ्या, आणि तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त. १९९६ साली त्यांनी पेट्रोल इंजिन उतरवलं आणि ग्रीव्हज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन चढवलं. कंपनीनेही तोवर डिझेल बुलेट काढली होतीच, पण आमचं काम घरगुती. इंजिन धरणाऱ्या प्लेटा ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून कापून आणल्या, पुढचं स्प्रॉकेट दोनदा बदललं, एअर फिल्टरचा डबा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा. वेग साठच्या पुढे कधी गेला नाही. आरसे कायम थरथरत असायचे, मागून येणारी गाडी दिसायची नाही, ऐकावी लागायची. (स्वतःच्या इंजिनाच्या आवाजात तीही ऐकू यायची नाही.)

२०११मध्ये वडिलांचा गुडघा गेला आणि गाडी पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीत उभी राहिली, ती राहिलीच. दुतोंड्या मारुती (गोदावरीच्या पात्रातली मूर्ती, पुराची खूण) बुडाला की आमच्या गल्लीत पाणी शिरतं. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात ओसरीत पाणी चढलं, गाडीच्या चाकांच्या आसापर्यंत. म्हणजे इंजिनाचा खालचा भाग नक्की पाण्यात होता. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर आम्ही गाडी नळीने धुतली, आणि त्यातच समाधान मानलं. आता कळतंय तो काय मूर्खपणा होता.

आता वाडा पाडायचा ठरलाय. गाडी दिवाळीच्या आत हलवायची आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. वडील (वय ८१) म्हणतात, 'एकदा चालू करून दाखव, मग काय करायचं ते कर.'

सध्याची अवस्था: किक अजिबात बसत नाही. परवा भाचा उत्साहाने पूर्ण वजन टाकून किकवर उभा राहिला. किक हलली नाही, भाचा हलला. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या तेलाचा आंबूस वास आणि तळाला काळं, जेलीसारखं काहीतरी. क्लच केबल गंजून तुटलेली. वायरिंग उंदरांनी संपवलंय. टायरांना हात लावला तर रबराचा भुगा निघतो.

आणि खरी गंमत ही, की मूळ पेट्रोल इंजिन माळ्यावर गोणपाटात आहे. वडिलांनी ग्रीस चोपडून, भोकांत चिंध्या कोंबून ठेवलेलं. आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर त्या माळ्यावरच्या इंजिनाचा. नोंदणीचं शेवटचं नूतनीकरण १९९४चं. इंजिन बदलल्यावर वडील आरटीओच्या वाटेला गेले नाहीत.

तर मला हे हवंय: अडकलेलं डिझेल इंजिन घरी सोडवता येईल का, आणि सुरुवात कुठून करू? चालू करण्याआधी काय बघायलाच हवं? आणि पुढे गाडी ठेवायची तर डिझेलच ठेवावी की पेट्रोल इंजिन परत चढवावं? मला पाने धरता येतात, यापलीकडे अनुभव नाही.

– पंचवटीकर


किकवाला:
भाच्याला आधी लांब ठेवा. बुलेटची किक गिअरबॉक्समधून इंजिनापर्यंत पोचते. अडकलेल्या इंजिनावर वजन टाकलं तर पिस्टन सुटत नाही, किकचे दाते तुटतात. मग एकाचे दोन खर्च.

आधी अडलंय कोण ते ठरवा. प्रायमरी कव्हर (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनचं झाकण) खोला, त्यातून पाणी किंवा दुधाळ तेल येईल, घाबरू नका. प्रायमरी चेन उतरवा. आता क्लच हाताने फिरला तर गिअरबॉक्स ठीक, दोष इंजिनाकडे. आणि जुनं ऑइल आज रात्रीच काढा. वर तेल आणि खाली पाणी असेल तर आधी पाणीच येतं. किती आलं ते बाटलीत धरून ठेवा.

आडगावनाका:
किकवालांशी सहमत. इंजिनच अडलं असेल तर नॉझल काढा. पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून तेल ओततात, इथे नॉझलच्या भोकातून. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं करून अर्धा कप ओता आणि विसरून जा. रोज थोडं वाढवा. आठवड्याने फ्लायव्हीलच्या नटाला लांब पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे. जोर नाही, चिकाटी. चौथा गिअर टाकून मागचं चाक हलवण्याचा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही, त्यात किती जोर लागतोय ते कळत नाही.

नॉझलखालचा तांब्याचा वॉशर नवा घ्या. नाहीच मिळाला तर जुना लालभडक तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतो.

आता मुद्द्याचं. डिझेल इंजिनात धोका पिस्टनचा नाही, पंपाचा असतो. जुन्या डिझेलचा चिकटा वाळून पंपाची रॅक (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी दांडी) जागेवरच धरली जाते. ती पूर्ण उघडी असताना धरली असेल आणि तुम्ही इंजिन चालू केलं, तर ते भडकतं, आरपीएम चढतच जातात. चावी फिरवून बंद करायला त्यात स्पार्कच नाही. मी एका पाणी-पंपाच्या इंजिनाला असं झालेलं पाहिलंय, कनेक्टिंग रॉड भिंतीत होता. तेव्हा रॅक बोटाने सहज मागे-पुढे होते की नाही, हे पाहिल्याशिवाय किक मारायची नाही. आणि पहिल्यांदा चालू करताना हवा आत जाते त्या तोंडाजवळ एक माणूस लाकडी फळी घेऊन उभा करा. भडकलं तर फळी तोंडावर दाबायची, हवा तुटली की मरतं. हात लावायचा नाही, फळीच.

पंप काढणार असाल तर त्याच्याखालचे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) मोजून, पिशवीत घालून ठेवा. इंजेक्शनचं टायमिंग त्यावर असतं. एक शिम हरवला की मग बसा डोकं खाजवत.

पेठरोड:
कागदांबद्दल मी बोलतो, रोजचंच काम आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. इंजिन आणि इंधन दोन्ही बदललेत, नोंद काहीच नाही. या अवस्थेत गाडी तपासणीला नेली तर तिथेच विषय संपेल. व्हिंटेज नोंदणीचा विचार डोक्यात असेल तर तेही ऐका. २०२१च्या नियमाप्रमाणे गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, तुमची बसते. पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे डिझेलसकट नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणी मिळाली तरी गाडी रोज शेतावर नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन आणि देखभाल एवढ्यापुरतीच. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं.

साध्या नूतनीकरणाला फॉर्म २५. मुदत १९९९लाच संपली असणार, त्यामुळे लेट फी, पर्यावरण कर, विमा आणि नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हे सगळं येईल. त्याआधी जुन्या रजिस्टरमधली नोंद आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलीय का ते बघा, नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद मागाहून चढवणं) करून घ्यावी लागते. चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घेऊन ठेवा. गंजाखाली नंबर दिसत नसेल तर पॉलिश पेपर घासू नका. घासलेला नंबर म्हणजे नसती चौकशी.

माळ्यावरचं इंजिन म्हणजे तुमची लॉटरी आहे. नंबर जुळतो म्हणता ना?

द्राक्षवाला:
आमच्याकडे निफाडला अशी एक डिझेल बुलेट होती. फवारणीचं औषध आणायला वापरायचो. डबलसीट बसल्यावर मागच्याचे दात वाजायचे. काढू नका हो ते इंजिन, आता पाहायलाही मिळत नाही.

किकवाला:
@द्राक्षवाला, पाहायला मिळत नाही याला कारण आहे. पेट्रोलच्या ३५०चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते प्रमाण) साडेसहाला एक, डिझेलचं त्याच्या अडीच पटीहून जास्त. ते हादरे त्या चासीसाठी नव्हते. पंचवटीकर, प्लेटांचे वेल्ड नीट बघा. रॉकेल लावा, पुसून कोरडं करा, वर खडू घासा. तडा असेल तर थोड्या वेळात खडूवर काळी रेघ उमटते.


पंचवटीकर (नऊ दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. क्रमाने सांगतो.

ऑइल काढलं. आधी जवळजवळ पाऊण लिटर पाणी, मग चहात जास्त दूध पडल्यासारखं काहीतरी. प्रायमरी चेन उतरवली, क्लच फिरला, म्हणजे इंजिनच अडलेलं. नॉझल काढायला दीड तास गेला. रोज रात्री कपातून मिश्रण ओतत गेलो. सातव्या दिवशी पाना केसभर हलला, आठव्या दिवशी बोटभर. काल पूर्ण फेरी फिरली. वडील ओसरीत खुर्ची टाकून बसलेले असतात, तुमचे प्रतिसाद वाचून दाखवतो. पाणी-पंपाची गोष्ट ऐकून म्हणाले, 'रॅकचं मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो.' सांगितलं मात्र नव्हतं.

आडगावनाका, तुम्हाला पेढे द्यायला हवेत. रॅक धरलेलीच होती, तीही जवळपास पूर्ण उघडी. पंप काढला, शिम दोन निघाले, पिशवीत आहेत. नॉझल आणि पंप द्यायला कुठे जाऊ? नॉझलचा फवारा घरीच पाहता येईल का?

आडगावनाका:
पेढे नकोत, मिसळ चालेल.

आडगाव नाक्याच्या पुढे ट्रकवाल्यांची पंप-नॉझलची दुकानं आहेत, तिथे टेस्टरवर लावून देतात. बारीक धुक्यासारखा फवारा हवा. थेंब ठिबकत असेल तर नॉझल बदला. घरी पाहायचंच तर नॉझलसमोर हात चुकूनही धरू नका. तो फवारा कातडीत घुसतो, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आतून हात सडतो. असं झालंच तर थांबू नका, थेट हॉस्पिटल.

परत बसवल्यावर हवा काढायला विसरू नका. पंपाचा बोल्ट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू द्या, मग नॉझलकडचा पाइप सैल ठेवून इंजिन फिरवा. तेल उसळलं की आवळा. नॉझल नीट मारत असेल तर प्रत्येक फेरीला 'चिर्रक्' असा आवाज येतो, तुमच्या वडिलांना तो बरोबर ओळखता येईल. टाकी साफ केल्याशिवाय यातलं काही करू नका. ती काळी जेली पाण्यावर वाढलेली बुरशी-जंतूंची घाण असते, फिल्टर तासाभरात बुजवेल. सध्या बाटली उलटी टांगून डिझेल द्या.


पंचवटीकर (अजून अकरा दिवसांनी):
चालू झाली.

नॉझल नवं घातलं. ऑइल दोनदा बदललं, पहिलं नुसतं आत धुवायला. रविवारी सकाळी बाटली टांगली, हवा काढली. भाचा फळी घेऊन उभा (हे काम त्याला शोभतं). डिकम्प्रेशनचा लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून किक मारत राहिलो, वडील डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, 'आता मारतंय. सोड लिव्हर.' सोडला. दोनदा पांढरा धूर नुसता, तिसऱ्यांदा पकडलं. फळीची गरज पडली नाही. सहा मिनिटं चालू ठेवली. समोरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, 'आलं का रे टँकरचं पाणी?'

आता वाईट बातमी. खडूची युक्ती केली. डाव्या बाजूच्या प्लेटेवर, वेल्डच्या कडेने, चार बोटं लांब काळी रेघ. उजवीकडेही सुरुवात आहे. वडिलांना दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, 'वेल्ड माझं नव्हतं.' मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, 'उतरव.'

माळ्यावरचं गोणपाट खाली आणलंय. ग्रीस घट्ट मेणासारखं झालंय, पण आत गंज दिसत नाही, क्रँक हाताने फिरतो. नंबर आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर जुळला. कार्ब्युरेटरमधलं सगळं रबर मात्र दगड झालंय, आणि आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर तसंही टिकणार नाही म्हणतात, तर ते सगळं नवंच घेतो. डिझेल इंजिन विकणार नाही. तेच गोणपाट, तेच ग्रीस, फक्त आता आत ते.

टेम्पो पुढच्या रविवारी येतोय. नाशकात कोणाकडे बुलेटचं इंजिन टेकवायचा स्टँड दोन-तीन आठवड्यांसाठी मिळेल का? भाडं देईन. आणि १९७४च्या मॉडेलला इंजिनाच्या पुढच्या बोल्टला आत स्पेसर (अंतर राखणारी नळी) येतो का? वडील म्हणतात येतो, पण गोणपाटात तो नाहीये.

किकवाला:
स्टँड आहे माझ्याकडे. इंदिरानगरहून घेऊन जा, भाडं नको. स्पेसरचं फोटो टाकल्याशिवाय सांगता येणार नाही, पुढच्या बोल्टची दोन्ही टोकं दिसू द्या.