लिलावातील सोन्याचे खिशातले घड्याळ : मिनिट रिपीटर, पर्पेच्युअल कॅलेंडर आणि निनावी यंत्र

टिकटिक :
एका लिलावाच्या सूचीत सुमारे १८९५ सालचे एक स्विस खिशातले घड्याळ आले आहे. ते १८ कॅरेट सोन्याचे असून पुढेमागे झाकण आहे, आणि वर्णनात मिनिट रिपीटर (पट्टी ओढली की वेळ ठोक्यांनी सांगणारी रचना), पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्यांचे दिवस आपोआप ओळखणारी तारीख), चंद्रकला व स्प्लिट-सेकंड क्रोनोग्राफ (दोन सेकंदकाट्यांचे स्टॉपवॉच) अशी चार कॉम्प्लिकेशन्स, म्हणजे वेळ दाखवण्यापलीकडची कामे, दिली आहेत. तबकडीवर नाव आहे ते विक्रेत्याचे. यंत्र कोणी घडवले याचा उल्लेख कुठेच नाही. स्थितीविषयी एवढेच लिहिले आहे की सूची करताना घड्याळ चालू होते, रिपीटर वाजतो, मात्र अचूकतेची हमी नाही. त्याच लिलावात घड्याळे बनवणाऱ्या एका नामांकित घराण्याचे, फक्त रिपीटर असलेले घड्याळ आहे आणि त्याच्या किमतीचा अंदाज मात्र याच्या जवळजवळ दुप्पट आहे. चार कामे करणारे घड्याळ एक काम करणाऱ्यापेक्षा स्वस्त का असावे? आणि प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी ते दहा-पंधरा मिनिटे हातात मिळाले, तर नेमके काय तपासावे? मी आजवर फक्त साधी चावीची घड्याळे जमवली आहेत, त्यामुळे कृपया सविस्तर सांगावे.

जुनी कमान :
कॉम्प्लिकेशन्स मोजून किंमत ठरत असती, तर पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या दोन प्रसिद्ध घड्याळांचा क्रम उलटा लागला असता. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकी बँकरसाठी घडवलेले आणि १९३३ मध्ये त्यांच्या हाती पडलेले घड्याळ २४ कॉम्प्लिकेशन्सचे आहे. ते १९९९ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी १० लाख डॉलरना गेले आणि २०१४ मध्ये जिनिव्हात २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँकच्याही वर गेले. त्याच कंपनीने १९८९ मध्ये स्वतःच्या दीडशेव्या वर्षानिमित्त केलेल्या कॅलिबर ८९ या घड्याळात ३३ कॉम्प्लिकेशन्स आहेत, तरीही त्या नमुन्याचे एक घड्याळ २०१७ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात आले तेव्हा विकले गेले नाही. ग्रेव्हज यांच्या घड्याळामागे मोटार उद्योजक जेम्स वॉर्ड पॅकार्ड यांच्याशी असलेली त्यांची चुरस आहे आणि मालकीचा सलग माग आहे. बोली लावणारा त्याचेही पैसे देतो.

आपल्या घड्याळाच्या बाबतीत 'निनावी' हा शब्द जरा जपून वापरावा, असे मला वाटते. त्या काळी गुंतागुंतीची कच्ची यंत्रे मोठ्या प्रमाणावर व्हॅले द जू या स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी खोऱ्यात तयार होत, आणि नामांकित घराणीसुद्धा ती तिथून घेऊन आपल्याकडे पूर्ण करीत. त्यामुळे विक्रेत्याच्या नावाखालचे यंत्र हलकेच असेल असे मुळीच नाही. फरक पडतो तो पुराव्याचा. पाटेकसारखी कंपनी यंत्राच्या क्रमांकावरून जुन्या नोंदींचा उतारा देते आणि त्यात घड्याळ कधी बनले व कोणत्या स्वरूपात विकले गेले हे कळते. निनावी यंत्राला असा जन्मदाखला मिळत नाही. दुप्पट अंदाजाचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून सर्वांत आधी झाकणांच्या आतले क्रमांक एकमेकांशी जुळतात का ते पाहा. सोन्याचा भाव चढला की जुन्या केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची कवचे, वितळवल्या जातात आणि उघडी पडलेली यंत्रे दुसऱ्या केसमध्ये बसवली जातात. अशा घड्याळात तबकडी मध्यावर नीट बसत नाही, किंवा रिपीटरच्या सरकपट्टीची खाच नंतर कापल्यासारखी दिसते.

ठोके मोजणारा :
रिपीटरबद्दल लिहितो, कारण 'वाजतो' या एका शब्दात सूची फार काही लपवू शकते. तिथल्या कर्मचाऱ्याला विनंती करून काटे १२ वाजून ५९ मिनिटांवर आणवून घ्या आणि मग सरकपट्टी शेवटपर्यंत ओढा. तासांचे १२ खालच्या स्वरातले ठोके, पाव तासांच्या ३ जोड्या आणि मिनिटांचे १४ वरच्या स्वरातले, असे एकूण ३२ ठोके मोजता आले पाहिजेत. यंत्रावर सर्वांत जास्त ताण याच वेळी येतो. शेवटचे ठोके रेंगाळू लागले तर एक तर आतले तेल सुकले आहे किंवा रिपीटरची स्प्रिंग थकली आहे. पट्टी अर्धीच ओढली तर चांगल्या रिपीटरने गप्प राहावे, चुकीची वेळ सांगू नये. त्यासाठी आत खास तरफ असते. ठोके पडत असताना काटे मात्र कदापि फिरवू नयेत. स्वर बद्द वाटला तर आतली तार, म्हणजे गाँग, कधीतरी बदललेली किंवा कशाला तरी टेकलेली असू शकते, आणि मूळ तारेसारखा स्वर पुन्हा मिळवणे हे फार थोड्या कारागिरांना जमते. माझ्यापुरते सांगायचे तर मी डोळे मिटून ऐकतो आणि मगच तबकडीकडे पाहतो.

काटेकोर :
वरच्या दोघांनी मुख्य गोष्टी सांगितल्या आहेत, मी कॅलेंडर आणि क्रोनोग्राफची भर घालतो. पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये ४८ महिन्यांचे एक चक्र असते आणि लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी त्याला ठाऊक असतो. पण १९०० हे लीप वर्ष नव्हते हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणजे आपले घड्याळ पाच वर्षांचे असतानाच कोणीतरी त्याची तारीख हाताने सुधारली असणार. यापुढे ती वेळ २१०० मध्ये येईल, तोपर्यंत निश्चिंत राहा. चंद्रकलेचे चाक बहुधा ५९ दात्यांचे असते आणि त्यावर दोन चंद्र असतात. ते २९ दिवस १२ तासांचा महिना धरते, खरा चांद्रमास त्याहून सुमारे ४४ मिनिटांनी मोठा असल्यामुळे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. हा दोष नव्हे. दोष असतो तो मध्यरात्री तारीख अर्धवट सरकण्यात, आणि तो पाहणीच्या वेळेत दिसणार नाही, म्हणून त्याविषयी लेखी विचारा. मात्र रात्री आठनंतरच्या वेळेवर काटे असताना तारखेच्या कळा दाबू नका. तेव्हा तरफा गुंतलेल्या असतात आणि दाते तुटू शकतात.

स्प्लिट-सेकंडचे दोन्ही काटे एकावर एक तंतोतंत बसून चालले पाहिजेत; एक थांबवून पुन्हा सोडल्यावर त्याने उडी घेऊन दुसऱ्याला अचूक गाठले पाहिजे. सोन्याच्या बाबतीत स्विस १८ कॅरेटच्या केसवर हेल्व्हेशियाच्या (स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) मस्तकाचा शिक्का शोधा. आतले धूळझाकण कधीकधी साध्या धातूचे असते, शिवाय एकूण वजनात यंत्रही येते, तेव्हा त्यावरून सोन्याचा हिशेब करू नये.

टिकटिक :
सर्वांचे आभार. स्थितीचा सविस्तर अहवाल आणि यंत्राची छायाचित्रे मी आजच मागवली आहेत. एकच शंका उरते : कमाल बोली ठरवताना दुरुस्तीसाठी किती वाव ठेवावा?

जुनी कमान :
आधी खरेदीदाराचे अधिशुल्क लक्षात घ्या, ते हातोडीच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, वेगळे लागते. दुरुस्तीचा आकडा छायाचित्रांवरून कोणीही सांगू शकणार नाही. रिपीटर आणि कॅलेंडर दोन्ही उघडण्याचा अनुभव असलेला कारागीर आधी गाठा, त्याला ती छायाचित्रे दाखवा आणि या यंत्रावर तो काम घेईल का एवढे विचारून घ्या. तो नाही म्हणाला, तर मी बोली लावणार नाही.