कोरियन-चिनी जेवण: पहिल्यांदा काय मागवावे?

प्रश्न
पुढील महिन्यात कामानिमित्त सोलला जायचे आहे. तिथल्या साध्या, खिशाला परवडणाऱ्या चिनी उपाहारगृहांतील पदार्थ चीनमधल्या पदार्थांपेक्षा निराळे असतात, असे ऐकले आहे. मला फार तिखट सोसत नाही आणि बहुतेक वेळा मी एकटाच जेवणार आहे. पहिल्या भेटीत काय मागवावे?

प्रतिसाद १
निःशंकपणे जाजांगम्यॉन मागवा. गव्हाच्या नूडल्सवरचा काळाकुट्ट रस्सा पाहून बिचकू नका. तो रंग छुनजांग या आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा आणि तीत मिसळलेल्या कॅरॅमलचा असतो. ही पेस्ट तेलात परतून तीत भरपूर कांदा आणि डुकराचे मांस शिजवतात, शेवटी स्टार्चचे पाणी लावून दाटपणा आणतात, त्यामुळे चव खारट-गोड लागते, तिखट मुळीच नाही. १८८३ मध्ये इंचॉन बंदर खुले झाल्यानंतर तेथे येऊन वसलेल्या, मुख्यतः शानदोंग प्रांतातील चिनी लोकांनी हा पदार्थ सोबत आणला. पुढे तो इतका बदलला की मूळच्या पदार्थाशी त्याची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. सवड मिळाल्यास इंचॉनच्या चायनाटाउनमधील जाजांगम्यॉन संग्रहालय पाहून या. एक मात्र सांगतो: वाटी समोर येताच नूडल्स तळापासून ढवळा, नाहीतर त्यांचा गोळा होतो.

प्रतिसाद २
माझे मत थोडे वेगळे आहे. गान-जाजांग मागवावे, कारण त्यात स्टार्चचे पाणी न घालता परतलेला रस्सा वेगळ्या वाटीत येतो आणि कांद्याचा करकरीतपणा टिकून राहतो. थोडे जास्त पैसे पडतात, पण ते सार्थकी लागतात. जाम्पोंग हा शिंपले-माकुळ घातलेला लाल, झणझणीत रस्सा तुमच्यासाठी नव्हे. कोणी सोबत असेल तर थांगसुयुक, म्हणजे तळलेले मांस आणि आंबट-गोड सॉस, वाटून घ्या. मात्र सॉस वरून ओतण्यापूर्वी सोबत्याला विचारा, कारण ओतावे की बुडवून खावे यावर कोरियात हिरिरीने वाद होतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एका संध्याकाळी शाकाहारी सहकारी सोबत असेल. मांसाचे तुकडे बाजूला काढले तर चालेल का?

प्रतिसाद १
नाही. रस्सा मांसासोबतच शिजतो आणि पुष्कळदा डुकराची चरबीही वापरतात. सोबत मिळणारा पिवळ्या मुळ्याचा दानमुजी आणि कच्चा कांदा एवढ्यावर त्यांचे जेवण होणार नाही; त्या दिवशी दुसरीकडे जावे.